पांथरीचा हिशेब: अंबरनाथच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबरनाथ, जि. ठाणे



एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा. आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी हा पाढा एव्हाना पाठ केला असेल. पांथरी, म्हणजे प्लीहा, एक इंच जाड, तीन इंच रुंद, पाच इंच लांब, सात औंस वजनाची आणि डावीकडच्या नवव्या ते अकराव्या बरगडीआड बसलेली. तोंडी परीक्षेपुरते हे घोकायचे आणि पुढच्या अवयवाकडे वळायचे, अशीच रीत आहे. पण आपले महाविद्यालय ज्या पट्ट्यात उभे राहिले आहे, त्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात हा पाढा खोटा ठरवणारी मुले राहतात. त्यांची पांथरी बरगड्यांखाली उतरते, बेंबीकडे सरकते, कधी बेंबीही ओलांडते. हातपाय वाळलेले, चेहरा फिकट आणि पोट एवढे की गणवेशाचे बटण लागत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात आपले एक. शंभर जागा, नवी माणसे, नव्या भिंती. इमारतीची, खाटांची, प्राध्यापकांची काळजी करायला आपण आणि मंत्रालय समर्थ आहात. मी बदलापूरचा एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, मला फक्त या एका अवयवाविषयी बोलायचे आहे. पत्र खुले लिहिले, कारण यातली निम्मी कामे आपल्या एकट्याच्या हातातली नाहीत. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, रक्तपेढ्या, गणेश मंडळे आणि मुलामुलींची लग्ने जमवणारे आईबाप यांनीही ते वाचायला हवे.

आधी ही मुले कुठून आली ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी असलेला कल्याण कॅम्प फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांच्या वाट्याला आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे उल्हासनगर झाले. बराकींत उतरलेल्या त्या कुटुंबांनी मागे जवळपास सगळे सोडले होते. रक्तातले मात्र सोडता येत नाही. हिमोग्लोबिनची बीटा साखळी घडवणारे, अकराव्या गुणसूत्रावरचे बीटा ग्लोबिनचे जनुक काही घरांत बिघडलेले होते. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत वारंवार सापडणाऱ्या एका प्रकारात तर या जनुकातला ६१९ अक्षरांचा तुकडाच गळलेला असतो. बिघडलेली एकच प्रत असलेला माणूस, म्हणजे वाहक, धडधाकट असतो, फार तर जरा फिकट दिसतो. नवराबायको दोघांतही ती असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत दुसऱ्याच्या रक्तावर जगायला लावणारा आजार, घेऊन जन्मेल.

योगायोग असा की त्याच १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांचा विचार छापून आला. थॅलेसेमियाचे जनुक हिवतापाच्या मुलखात इतके का टिकले? कारण एकच प्रत असलेल्याच्या बारक्या तांबड्या पेशी हिवतापाला नीट थारा देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. सिंधू नदीच्या पाणथळ खोऱ्यात पिढ्यानपिढ्या ज्याने लेकरे वाचवली, तेच उल्हास नदीकाठी लेकरांच्या जिवावर उठले. हॉल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. उल्हासनगरला ते कधी आले असते, तर त्यांच्या सिद्धांताची जिती उदाहरणे त्यांना पाचही कॅम्पांत भेटली असती.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. थॅलेसेमियाला 'सिंधींचा आजार' म्हणणे मला मान्य नाही. सिंधी समाजात वाहकांचे प्रमाण सरासरीहून बरेच जास्त आहे, हे खरे. पण भारतात एकूणच शंभरातली तीन-चार माणसे वाहक आहेत. पंजाबी, कच्छी, गुजराती आणि अस्सल मराठी घरांतही हे जनुक आहे. 'आमच्यात नसते हो हे' म्हणणाऱ्या मराठी आईबापांची मुलेही रक्त चढवायच्या रांगेत बसलेली असतात, आणि त्यांचे निदान अनेकदा उशिरा होते, कारण डॉक्टरांच्याही मनात तोच समज असतो.

आता पांथरीकडे येतो. या आजाराचे पहिले नीट वर्णन डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये केले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भरली ती वाढलेली पांथरीच. ती का वाढते हे समजायला तिच्या रक्तवाहिन्या पाहाव्या लागतात. शरीरात इतरत्र रक्त बंद नळ्यांतून वाहते. पांथरीत धमनीच्या बारीक फांद्या आपले रक्त सरळ उघड्या मगजात सोडून देतात, आणि परत शिरेत जायचे तर तांबड्या पेशीला शिरेच्या भिंतीतल्या फटीतून घुसावे लागते. ही भिंत लांबट पेशींची, कुडाच्या कामट्या उभ्या लावाव्यात तशी. फट एक-दोन मायक्रॉनची आणि पेशी सात-आठ मायक्रॉनची. तरुण, लवचिक पेशी अंग चोरून निघून जाते. म्हातारी, ताठर पेशी अडकते आणि तिथे टपून बसलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाच टक्के रक्ताची ही झडती अखंड चालू असते. रक्तातले न्यूमोकोकससारखे जंतूही इथेच धरले जातात.

ही विलक्षण रचना बांधतो कोण? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये स्टॅन्ली कोर्समेयर यांच्या गटाने उंदरांतले हॉक्स११, म्हणजे आजच्या नावाने टीएलएक्स१, हे जनुक बंद पाडले. उंदीर जन्मले, बाकी सगळे अवयव ठाकठीक, फक्त पांथरी नाही. एका जनुकावर एक अख्खा अवयव तोललेला असावा, याचे नवल वाटते. मला त्याहून जास्त भावलेले काम हंगेरीतल्या पेच विद्यापीठातल्या संशोधकांचे. एनकेएक्स२-३ नावाचे जनुक नसलेल्या उंदरांत पांथरी तयार होते, पण तिच्या रक्तवाहिन्यांना आपण कोण आहोत हेच उमगत नाही. २०११ मध्ये त्यांनी दाखवले की अशा पांथरीतल्या काही वाहिन्या लसीकाग्रंथीतल्या वाहिन्यांचे रूप घेतात. त्यांच्यावरच्या खुणा बदलतात आणि पांढऱ्या पेशी भलत्याच दाराने आत येऊ लागतात. म्हणजे नळी असणे पुरेसे नाही, ती पांथरीची नळी आहे हे जनुकाने तिला सांगावे लागते. आणि २०१३ मध्ये, जन्मतःच पांथरी नसलेल्या मुलांच्या काही कुटुंबांत आरपीएसए या जनुकाच्या एकाच प्रतीतला बिघाड सापडला. ही मुले वरून निरोगी दिसतात आणि न्यूमोकोकसच्या एका तापात काही तासांत हातची जातात.

हे सगळे मी आपल्याला शिकवायला सांगत नाही. मुद्दा असा की उल्हासनगरच्या थॅलेसेमियाग्रस्त मुलात ही जनुके शाबूत असतात. टीएलएक्स१ ने आपले काम केलेले असते, एनकेएक्स२-३ ने केलेले असते. गर्भाच्या पाचव्या आठवड्यापासून बांधायला घेतलेली पांथरी जन्मतः नीट असते. बिघाड आहे तो रक्तात. बीटा साखळी नसल्याने अल्फा साखळ्यांचे गोळे तांबड्या पेशीत साचतात, पेशी ताठ होते, फटीतून जात नाही. पांथरी प्रामाणिकपणे तिला पकडते. पकडून पकडून फुगते. शिवाय हाडातल्या मगजाला रक्त पुरवता येत नाही म्हणून गर्भावस्थेतले सोडलेले काम पुन्हा हाती घेते आणि स्वतः रक्त बनवू लागते. मोठी झालेली पांथरी मग दात्याच्या चांगल्या पेशीही अडवते. रक्त जास्त लागते, जास्त रक्ताबरोबर जास्त लोह येते. एका पिशवीमागे दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात राहते, आणि ते हृदयात, यकृतात जाऊन बसते.

आणि यावरचा उपाय अगदी साधा आहे. मुलाला लहानपणापासून दर दोन-चार आठवड्यांनी, वेळेवर, पुरेसे रक्त दिले, रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊच्या खाली जाऊ दिले नाही, तर त्याच्या हाडातला मगज शांत राहतो आणि पांथरी फारशी वाढतच नाही. ती काढावी लागत नाही. याचा उलटा अर्थ आपण आणि मी दोघांनीही ऐकावा असा आहे. पोटभर पांथरी घेऊन आलेले थॅलेसेमियाचे मूल म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, महिनोन्‌महिने रक्त द्यायला चुकले आहे, याचा पुरावा.

पांथरी मोजून कारभार तपासण्याची कल्पना नवी नाही, इंग्रजांची आहे. १८४०च्या दशकात टी. ई. डेम्पस्टर या लष्करी डॉक्टरने यमुनेच्या कालव्याकाठच्या गावांत लोकांची पोटे चाचपली. जिथे पाणी तुंबले होते तिथे पांथऱ्या मोठ्या. पुढे 'प्लीहा दर' हे हिवताप मोजण्याचे मापच झाले, आणि १९११ मध्ये चार्ल्स बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेतला तोही मुलांच्या पांथऱ्या चाचपत. कालवा खोदणाऱ्या सरकारला तो आकडा आवडला नसेल, पण त्याने आकडा लिहून ठेवला. माझी आपल्याकडे मुख्य मागणी हीच आहे. या पट्ट्यातल्या थॅलेसेमियाच्या प्रत्येक मुलाची पांथरी दर सहा महिन्यांनी मोजा, हाताने आणि सोनोग्राफीने, आणि त्याच कागदावर मागच्या सहा महिन्यांत रक्त किती वेळा ठरल्या दिवशी मिळाले आणि किती वेळा 'उद्या या' झाले, हेही लिहा. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून आकडे जाहीर करा. डासांचा हिशेब ज्या अवयवाने दिला, तो रक्तपुरवठ्याचाही देईल.

'उद्या या' हे शब्द या आयांच्या कानावर उन्हाळ्यात फार पडतात. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालये बंद, लोक गावी, शिबिरे नाहीत, रक्तपेढ्यांत खडखडाट. आई कडेवर मूल घेऊन सकाळच्या कर्जत-बदलापूर गाडीत शिरते, मुंबईतले परळचे किंवा शीवचे रुग्णालय गाठते, रक्त जुळवण्यात अर्धा दिवस जातो, संध्याकाळच्या गर्दीत परत येते. बापाचा रोज बुडतो. ज्यांना मुंबईची ही फेरी परवडत नाही ते आठ हिमोग्लोबिनचे सहावर येईपर्यंत थांबतात आणि मुलाचे पोट पुढे येत राहते. थॅलेसेमियाच्या मुलांना शासकीय धोरणाने रक्त विनामूल्य आहे, पण ते घ्यायला जाणाऱ्याचा दिवस विनामूल्य नाही. उल्हासनगर कॅम्प तीनचे मध्यवर्ती रुग्णालय कर्जत-मुरबाडपर्यंतच्या माणसांचा आधार आहे. त्याच्यावरचा हा भार वाटून घेणे हे आपल्या महाविद्यालयाचे पहिले काम असायला हवे. संध्याकाळी आणि रविवारी चालणारे रक्त चढवण्याचे केंद्र काढा. शाळा बुडणार नाही, रोज बुडणार नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत हजारो धडधाकट माणसे पाळीत काम करतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनपर्यंतची शिबिरे त्यांच्या कारखान्यांतच, आधीच तारखा ठरवून घ्या. गणपतीत रक्तदान करणाऱ्या मंडळांनाही माझी विनंती आहे. एकाच दिवशी पाचशे पिशव्यांचा विक्रम करू नका. पिशवीतल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवड्यांहून जास्त टिकत नाहीत. तेच दाते मेमध्ये आणा.

रक्ताबरोबर त्याची तपासणीही आली. २०२२ मध्ये नागपूर भागात थॅलेसेमियाची चार मुले रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीबाधित आढळली, त्यांतले एक दगावले. असे विषाणू दात्याच्या रक्तात शोधणारी न्यूक्लिक अ‍ॅसिड तपासणी महाग आहे म्हणून ती सोडून द्यायची असेल, तर या मुलांसाठी रक्तपेढी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही काहींची पांथरी काढावी लागेल. वर्षाला किलोमागे दोनशे मिलिलिटरच्या वर रक्त लागू लागले, प्लेटलेट घसरल्या, तर शल्यचिकित्सकांचा नाइलाज असतो. तिथे मला काढण्यापेक्षा काढल्यानंतरची धास्ती जास्त वाटते. १९५२ मध्ये किंग आणि शूमाकर यांनी पांथरी काढलेल्या तान्ह्या मुलांना होणारे जीवघेणे संसर्ग पहिल्यांदा नीट मांडले. तोवर हा अवयव शोभेचा समजला जाई. आज सत्तर वर्षे उलटली तरी आपल्या भागात पांथरी काढलेली तरुण मुले 'ऑपरेशन झाले, आता बरा आहे' एवढीच माहिती खिशात घेऊन फिरतात. त्यांना माहीत हवे की शंभर-एकशे एक ताप म्हणजे क्रोसिनची गोळी घेऊन पडून राहण्याचा ताप नव्हे, तासाभरात प्रतिजैविक मिळायला हवे असा ताप. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तिन्ही लसी झालेल्या हव्यात. लहान मुलाची पांथरी शक्यतो पाच वर्षांआधी काढू नये. पांथरी नसलेल्याला कुत्रा चावला तर रेबीजची लस पुरत नाही. कुत्र्याच्या तोंडातला एक जंतू अशा माणसाला एक-दोन दिवसांत संपवू शकतो, म्हणून प्रतिजैविक लगेच सुरू करावे लागते. उल्हासनगरच्या आणि बदलापूरच्या गल्ल्यांतून रात्रपाळी करून घरी येणाऱ्याला हा धोका पुस्तकातला नाही. रक्त गोठण्याचा, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गाठ होण्याचा धोका राहतो तो वेगळाच. तेव्हा प्रत्येकाला पाकिटात मावेल असे मराठी आणि सिंधी-हिंदीतले एक कार्ड द्या: पांथरी काढली आहे, लसी या तारखांना झाल्या, ताप आला तर हे औषध, हा विभाग. छापायला फार पैसे लागत नाहीत.

मुरबाड-शहापूरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांकडे मी मुद्दाम थोडक्यात वळतो, कारण तिथला प्रश्न वेगळ्या पत्राचा आहे. तिथे आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजारात उलटे होते. पांथरी आधी वाढते, मग तिच्याच बारीक वाहिन्या पेशींनी तुंबून ती आतल्या आत मरते, आक्रसते. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, पण संरक्षण गेलेले असते. म्हणून वर मागितलेली पांथरीची नोंद फक्त थॅलेसेमियाची नको. पांथरी आहे की नाही, आणि असली तरी काम करते की नाही, हा प्रश्न तिथल्या मुलांबाबतही विचारला जावा.

आपण महाविद्यालय आहात, नुसते रुग्णालय नाही, म्हणून एक मागणी संशोधनाची. पांथरीच्या रक्तवाहिन्यांच्या जनुकांविषयी जे कळले ते बहुतेक उंदरांतून कळले. उंदराची पांथरी आणि माणसाची पांथरी यांच्या वाहिन्या सारख्या नाहीत. उंदरात दिसणारा कडेचा सायनस माणसात तसा सापडत नाही. इथे काढल्या जाणाऱ्या प्रत्येक पांथरीचा तुकडा, रुग्णाच्या लेखी संमतीने, नीट जतन झाला तर वर्षानुवर्षे ताठर पेशींचा मारा सोसलेल्या वाहिन्या आपली ओळख टिकवतात की बदलतात, एनकेएक्स२-३ सारखी जनुके त्यात जागी असतात का, हे तपासता येईल. प्रयोगशाळा नाही म्हणू नका. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रतिरक्षारक्तशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, थॅलेसेमियाच्या जनुकांवर तिथे अनेक वर्षे काम झाले आहे, गर्भनिदानही होते. अंबरनाथहून ती एका गाडीवर आहे.

आणि ही मुले जन्मतःच कमी व्हावीत यासाठी आपल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करा. आपण वाहक आहोत का हे कळण्यासाठी प्रत्येकाने स्वतःचे ए-२ हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. स्वतःचा अहवाल हातात पडल्यावर आनुवंशिकता जशी समजते तशी ती माझ्या तीस वर्षांच्या फळ्यावरून कुणाला समजली नाही. मग हीच मुले उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन अकरावी-बारावीची तपासणी करतील. गरोदर बाईची तपासणी पहिल्याच भेटीत, पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात. सहाव्या महिन्यात कळून उपयोग नाही. सायप्रसने लग्नाआधीच्या तपासणीच्या जोरावर मेजर थॅलेसेमियाचे जन्म जवळपास शून्यावर आणले. आपल्याकडे पत्रिकेचे छत्तीस गुण जुळवणारे लोक रक्ताचा अहवाल मात्र लपवतात, 'मुलीचे जमणार नाही' म्हणून. वाहक असणे हा दोष नाही, दोन वाहकांनी न तपासता मूल होऊ देणे हा निष्काळजीपणा आहे, हे पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितले तर घरे ऐकतात.

जागतिक थॅलेसेमिया दिन ८ मेला असतो, म्हणजे रक्तपेढ्या सर्वांत रिकाम्या असतात त्याच महिन्यात. त्या दिवशी फुगे, केक आणि पाहुण्यांची भाषणे ठेवू नयेत, अशी विनंती. त्या दिवशी आपण एकच कागद दारावर लावा: या तीन शहरांतल्या किती मुलांची पांथरी मोजली, किती बोटे वाढलेली निघाली, आणि एप्रिल महिन्यात किती जणांना ठरल्या दिवशी रक्त मिळाले नाही. पुढच्या मेमध्ये दुसरा कागद लावा.

आपला,
बदलापूरचा एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक